पोट सांभाळणाऱ्या गोळीच्या शोधात

वेदनाशामक औषध पोटाला बाधते, ही तक्रार ॲस्पिरिनहूनही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात संधिवातावर सोडियम सॅलिसिलेट देत आणि त्याने रुग्ण मळमळीने हैराण होत. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमान यांनी ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात तयार केले. १८९९ मध्ये ते ‘ॲस्पिरिन’ म्हणून बाजारात आले, तेही पोटाला सौम्य अशी ख्याती मिरवीत! १९३८ मध्ये लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या वैद्यांनी गॅस्ट्रोस्कोपने प्रत्यक्ष जठरात पाहिले, तेव्हा ॲस्पिरिन घेतलेल्यांचे अस्तर लालबुंद झालेले आढळले.

कारण उलगडले १९७१ मध्ये. ही औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी दाखवले. सूज व वेदना वाढवणारी हीच द्रव्ये जठराच्या अस्तरावरचे श्लेष्म्याचे कवच आणि तेथील रक्तपुरवठा राखतात. म्हणूनच इंजेक्शनने घेतलेले डायक्लोफेनॅकही व्रण करू शकते. ‘जेवून घेतली की बाधत नाही’ हा घरोघरचा भरवसा फार तर अर्धा खरा. शिवाय वेदनाशामक व्रणाचे दुखणेही झाकू शकते. गुडघ्यांसाठी रोज गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना कधी कधी शौचाला डांबरासारखे काळे होते, तेव्हाच रक्तस्राव उमगतो.

पुढे कळले, की प्रोस्टाग्लँडिने घडवणारे विकर दोन प्रकारचे असते. सुजेशी प्रामुख्याने दुसऱ्याचा संबंध. केवळ त्यालाच रोखणारे रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये अमेरिकेत आले. भारतात तेव्हा औषधांना उत्पादन-पेटंट नसल्याने देशी कंपन्यांनीही ते बनवले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत नेप्रॉक्सेनच्या तुलनेत पोटाचे गंभीर उपद्रव सुमारे निम्मे दिसले. हृदयविकाराचे झटके मात्र अधिक. नेप्रॉक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे, असा सोयीचा अर्थ मर्क कंपनीने लावला. त्या अर्थाला चार वर्षे आयुष्य लाभले. सप्टेंबर २००४ मध्ये तिने औषध जगभरातून मागे घेतले, डिसेंबरमध्ये भारत सरकारने बंदी घातली आणि २००५ मध्ये वाल्डेकॉक्सिबही बंद झाले.

आज वेदनाशामकासोबत पॅन्टोप्राझोलसारखे आम्ल घटवणारे औषध देण्याची रीत आहे. ते जठराचे आणि लहान आतड्याच्या आरंभाचे रक्षण करते. उरलेल्या आतड्याला त्याचा उपयोग नाही.