हापूस आंब्याचा अमेरिका-प्रवेश

भारतीय आंब्यावरची सुमारे 18 वर्षांची अमेरिकी बंदी उठून एप्रिल 2007 मध्ये पहिल्या पेट्या विमानाने अमेरिकेला पोहोचल्या. या घटनेमागे एक व्यापारी समझोता होता. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 पासूनच्या नियमांनुसार शास्त्रीय आधार असेल तर किडीच्या धोक्यावरून एखादा देश परक्या शेतमालाला दार बंद करू शकतो. आंब्याच्या बाबतीत आक्षेप होता फळमाशीला आणि कोयीतल्या भुंग्याला. हा भुंगा कोयीच्या आतच राहत असल्याने फळ कापल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

दार उघडले ते राजकारणाने. मार्च 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीत आले, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याशी अणुसहकार्यावर बोलणी झाली आणि त्याच भेटीत आंब्याचाही विषय निघाला. बदल्यात भारताने 800 सीसीवरील मोटारसायकलींच्या आयातीचा प्रदूषण-नियमांमुळे अडलेला मार्ग मोकळा केला. अमेरिकेला त्यात हार्ले-डेव्हिडसनचे हित साधायचे होते. त्या गाड्यांवरचे भारी आयातशुल्क मात्र कायम राहिले आणि पुढे अनेक वर्षे वादाचा मुद्दा ठरले.

तांत्रिक अट होती किमान 400 ग्रे मात्रेच्या विकिरणाची. एवढ्या मात्रेने भुंगा लगेच मेला नाही तरी त्याची प्रजा वाढत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण-केंद्र होते. कांद्याला कोंब फुटू नयेत, हा त्याचा मूळ हेतू. अमेरिकेच्या कृषिखात्याने मान्यता दिलेले ते भारतातले पहिले केंद्र. त्यामुळे रत्नागिरी-देवगडचा नाजूक हापूस आधी घाट चढून लासलगावला आणि तिथून परत मुंबईच्या विमानतळावर, असा उलटा प्रवास करू लागला. पुढे वाशीला राज्य कृषी पणन मंडळाची सुविधा झाली आणि हा हेलपाटा वाचला. तपासणीसाठी येणाऱ्या अमेरिकी निरीक्षकाचा खर्चही भारतीय निर्यातदारांवरच होता. ही अट अन्यायाची होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही : तपासणी त्यांची, भुर्दंड इथल्या मालावर, आणि तो अखेर बागायतदाराच्या दरातून वळता होणार.

कोविडमुळे निरीक्षक येऊ न शकल्याने 2020 आणि 2021 चे हंगाम कोरडे गेले. नोव्हेंबर 2021 च्या बोलण्यांत आंबा-डाळिंबाच्या बदल्यात अमेरिकी चेरी आणि लसूणघास यांना प्रवेश मिळाला. विकिरणाची देखरेख भारताकडे सोपवण्याचे ठरले आणि 2022 मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली.

राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांचे 10 टक्क्यांचे सरसकट शुल्क एप्रिल 2025 मध्ये, ऐन हंगामात लागू झाले. भारतीय मालावरचे वाढीव शुल्क 50 टक्क्यांवर गेले ते ऑगस्टअखेर, हापूस संपून गेल्यावर. त्या हंगामात निर्यातदारांना खरा फटका बसला तो एका दाखल्याचा. मे महिन्यात नवी मुंबईत विकिरण झालेल्या सुमारे 15 खेपा लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर कागदपत्रांतल्या त्रुटींवरून नाकारल्या गेल्या. फळ परत आणणे किंवा तिथेच नष्ट करणे, एवढेच पर्याय होते. परतीचे विमानभाडे नाशवंत मालाला परवडणारे नसल्याने निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला.