'टू ऑटम' : ऋतुकाळ आणि श्रमकाळ

जॉन कीट्सने 19 सप्टेंबर 1819 रोजी विंचेस्टर येथे रचलेली 'टू ऑटम' ही कविता दीर्घकाळ विशुद्ध निसर्गकवितेचा आदर्श मानली गेली. या समजुतीला जेरोम मॅकगॅन यांनी 1979 मध्ये आक्षेप घेतला. कवितेपूर्वी महिनाभर, 16 ऑगस्टला, मँचेस्टर येथे संसदीय सुधारणांची मागणी करणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले होते. अशा वर्षी चितारलेली ही परिपूर्ण शांतता म्हणजे इतिहासाकडे फिरवलेली पाठ होय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पुढे जोनाथन बेट यांनी हवामानाकडे लक्ष वेधले. तांबोरा ज्वालामुखीच्या 1815 मधील उद्रेकानंतर 1816 मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही व पिके बुडाली. या पार्श्वभूमीवर भरघोस सुगी हीच ऐतिहासिक घटना ठरते.

दोन्ही भूमिका इतिहासाचा शोध प्रामुख्याने कवितेबाहेर घेतात. प्रतिमांच्या अंतर्गत रचनेतही तो आढळतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अकरा ओळींच्या तीन कडव्यांतून पक्वता, कापणी आणि कापणीनंतरचे शिवार असा क्रम उलगडतो. दुसऱ्या कडव्यातील काळ हा श्रमाचा काळ आहे : धान्याचे खळे, उफणणीचा वारा, अर्धवट कापलेली सरी, थबकलेला विळा. मात्र येथे ऋतुदेवता विसावलेली आहे. राबणारे हात दिसत नाहीत. सरवा वेचणारी व्यक्ती येते, तीही केवळ उपमान म्हणून. सरवा वेचणे हा कायदेशीर हक्क नव्हे, असा निर्णय इंग्लंडमधील न्यायालयाने 1788 मध्ये दिला होता; गरिबांची ती रूढी मात्र टिकून होती. डोक्यावरचा भार तोलत ओढा ओलांडण्याची त्यांची ढब ऋतूला बहाल होते आणि ते स्वतः शेताबाहेरच राहतात.

तिसऱ्या कडव्यात धसकटांचे रान उरते. वसंतातली कोकरे आता वाढलेली आहेत, पाकोळ्या स्थलांतरासाठी जमत आहेत. ऋतू परतून येईल. वाढलेले मेंढरू पुन्हा कोकरू होणार नाही. चक्राकार काळावर अपरिवर्तनीय काळाचा हा दाब आहे. म्हणून मॅकगॅन यांचा आक्षेप अर्धाच ग्राह्य ठरतो : कविता श्रमिकाला दृष्टिआड करते, पण श्रमाच्या खुणा पुसू शकत नाही.