हार्लेमच्या रुग्णनोंदी व वर्णभेदाचा प्रश्न

न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम ही त्या काळीं मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तेथील सार्वजनिक रुग्णालयांत १९६४ पासून १९८६ पर्यंत आलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या ७०८ रुग्णांची हकीकत शस्त्रवैद्य हॅरोल्ड फ्रीमन यांनीं एका सहकाऱ्यासह १९८९ सालीं प्रसिद्ध केली. सनदा-महजरांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हें साधन परकें वाटेल. परंतु रुग्णालयाचें दप्तरही समाजव्यवहाराची अस्सल साक्ष देतें, म्हणून त्याचा परामर्श येथें घेण्याचें योजिलें आहे.

या रुग्ण बहुतेक सर्व कृष्णवर्णीय व दरिद्री होत्या. रोगाच्या पहिल्या अवस्थेंत आलेल्या शेंकडा ६. जवळजवळ निम्म्या तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेंत आल्या. पांच वर्षें जगल्या शेंकडा ३९. पहिल्या भेटीच्या वेळीं सुमारें निम्म्यांजवळ वैद्यकीय विमा नव्हता. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांत वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९६४ चाच. म्हणजे ही नोंद कायद्यानें दार उघडल्यानंतरची आहे.

कृष्णवर्णीय स्त्रीचा रोग मूळचाच उग्र, असें कित्येकांचें मत आहे. संप्रेरकोपचारास दाद न देणारा एक उग्र प्रकार त्यांच्यांत अधिक आढळतो हें खरें. तथापि याच शहरांतील दुसरें साधन पाहावें. तेथील एका विमायोजनेंतील सुमारें ६२,००० स्त्रियांवर १९६३ च्या अखेरीस प्रयोग सुरू झाला. एका गटास वर्षास एकदां, चार वेळां, क्ष-किरण तपासणीस बोलाविण्यांत आलें, दुसऱ्यास नाहीं. सॅम शपीरो व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ त दाखविलें कीं, बोलाविलेल्या गटांत गोऱ्या व इतर वर्णीयांच्या जगण्यांतील अंतर नाहींसें झालें. वर्ण तोच, शहर तेंच. बदललें तें बोलावणें. आमच्या मतें सर्व वादांत हा पुरावा अधिक बोलका आहे.

फ्रीमन यांनीं १९७९ त हार्लेममध्यें मोफत तपासणी सुरू केली; पण गांठ सांपडल्यावरही तुकडा काढून तपासण्यापर्यंत पुष्कळजणी पोहोंचेनात. खर्च, कागदपत्रें, भीति व निरनिराळ्या खात्यांतील हेलपाटे आड येत. म्हणून १९९० त त्यांनीं रुग्णांसोबत वाटाडे नेमिले. वाटाड्याची सोबत मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८७.५ जणींची ती तपासणी पुरी झाली. न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५६.६ जणींची.

पुढें १९९५ ते २००० मधील ३२५ रुग्णांत पांच वर्षें जगण्याचें प्रमाण शेंकडा ७० वर गेलें. येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. मधल्या काळांत औषधोपचार सुधारले. शिवाय रोग लवकर सांपडला म्हणजे केवळ मोजणीचा आरंभ मागें सरकल्यानेंही वर्षें वाढलेलीं दिसतात. दोन याद्या शेजारीं ठेवून सगळें श्रेय वाटाड्यांस देणें शास्त्रशुद्ध नव्हे.

वाटाड्यांच्या योजनांस मदत देणारा राष्ट्रीय कायदा २००५ त झाला. राष्ट्राच्या मृत्युनोंदी मात्र उलट दिशेनें गेल्या आहेत. १९८० च्या सुमारास या रोगानें मरणाऱ्या गोऱ्या व कृष्णवर्णीय स्त्रियांचें प्रमाण जवळजवळ सारखें होतें. तपासणी व नवीं औषधें पसरलीं त्याच काळांत तें फांकत गेलें, आणि आज कृष्णवर्णीय स्त्रियांत रोग किंचित् कमी होत असूनही मृत्यूचें प्रमाण गोऱ्यांहून शेंकडा ४० च्या आसपास अधिक आहे.