नारायणगावचा फड आणि प्रसूतीची रजा

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेख श्रमिकांची नोंद ठेवतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने येथे लेणे दान दिले; बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे धर्मदायाच्या ठेवी होत्या. एका लेखात धम्मोत्तरीयांच्या भिक्षुणी-विहाराचाही निर्देश आहे. याच तालुक्यातील नारायणगाव पुढे तमाशाची पंढरी झाले. येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा-पुढारी येऊन सुपारी ठरवितात.

फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे, सोंगाड्या ही कामे परंपरेने पुरुषांची, नाच स्त्रीचा. प्रेक्षक येतो तो बहुधा तिच्यासाठी. परंतु ढोलकीवाल्याचा हात साठीतही चालतो, नर्तिकेची कमाई मात्र तारुण्य आणि प्रकृती यांवर टांगलेली असते. मिळकतीतील खरी विषमता येथे आहे. एका रात्रीच्या बिदागीवरून ती मोजता येत नाही.

मातंग समाजातील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे जीवन याची साक्ष देते. भाऊ-बापूंच्या फडात त्या वाढल्या आणि पुढे स्वतः फडाच्या आधारस्तंभ झाल्या. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तेव्हा रंगमंचामागे जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. तिचे कौतुकच अधिक होते. आम्हांस त्यात कौतुकापेक्षा लाज वाटण्याजोगे अधिक दिसते.

कारण विठाबाईंच्या जन्मापूर्वीच, २८ जुलै १९२८ रोजी, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. मातेला प्रसूतीच्या आगेमागे विसावा मिळणे राष्ट्रहिताचे आहे आणि तिच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ चा कायदा झाला, पण तो कारखान्यातील स्त्रियांसाठी. राहुटीला कोण कारखाना म्हणणार?

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर सभागृहात बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी व कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना तो अवमानित व्यवसाय सोडण्याचे आवाहन केले. तमाशाची कला त्या व्यवसायांच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. परंतु जातीने नेमून दिलेल्या कामात स्त्रीचे शरीरच भांडवल ठरते, हा दोन्हींतील धागा नाकारता येत नाही.

विठाबाईंना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपती-पदक मिळाले. अखेरच्या आजारपणात मात्र उपचारांच्या खर्चासाठी त्यांना देणग्यांवर अवलंबून राहावे लागले. त्यांच्या नावे शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो २००६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी.