शुनःशेपाचे नाव

आमच्या परिचयातील एका घरी बारशाच्या आदल्या दिवशी वाद झाला. आईवडिलांनी मुलाचे नाव 'वृक' ठेवायचे योजले होते. नाव दोन अक्षरी, वेदात आढळणारे, आणि शाळेत दुसऱ्या कोणाचे असण्याचा संभव नाही असे. आजींनी अर्थ विचारला. 'लांडगा' हे उत्तर ऐकताच त्या म्हणाल्या, "मग सरळ लांडग्याच म्हणा की!" गंमत अशी, की त्यांच्या थोरल्या नातवाचे नाव शौनक आहे, आणि ते त्यांनीच सुचवलेले आहे.

शुनक म्हणजे कुत्रा. शुनकाचा वंशज तो शौनक. आद्य स्वराची वृद्धी झाली आणि कुत्रा दिसेनासा होऊन ऋषी तेवढा उरला. आपल्या परंपरेत असे पुष्कळ प्राणी व्याकरणाच्या आड उभे आहेत. तैत्तिरीय शाखेच्या नावात तित्तिर पक्षी आहे, मांडूक्य उपनिषदाच्या नावात बेडूक, श्वेताश्वतराच्या नावात पांढरे खेचर. वैशेषिक दर्शनाला औलूक्य दर्शन असेही म्हणतात. त्यातला उलूक म्हणजे घुबड. इराणी शाखेतही हेच दिसते. जरथुष्ट्राच्या नावात उष्ट्र म्हणजे उंट आहे, आणि पारशी समाजात चालत आलेल्या जामास्प या नावातला 'अस्प' हा आपला अश्वच. तेव्हा मुलाच्या नावात प्राणी आणणे ही आजची लहर नव्हे. मग आजींना खटकले ते काय? आमच्या मते प्राणी नव्हे, तर त्याचे उघडेपण. या उघड्या नावाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोचरा दाखला म्हणजे शुनःशेप.

ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत त्याची कथा येते. हरिश्चंद्र राजाला शंभर राण्या असूनही पुत्र नव्हता. वरुणाला तोच पुत्र बळी देण्याच्या बोलीवर त्याला रोहित झाला. मोठा झाल्यावर रोहित रानात निघून गेला. तेथे त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ऋषी भेटला. त्याला तीन मुलगे : शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कुत्र्याचे शेपूट. त्यातही 'शेप' या शब्दाला जननेंद्रिय हा दुसरा अर्थ आहे. शंभर गाईंच्या मोबदल्यात एक मुलगा द्यायचे ठरले. बाप थोरल्याला सोडीना, आई धाकट्याला. मधला विकला गेला. यज्ञात त्याला यूपाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा अजीगर्ताने आणखी शंभर गाई घेऊन त्याला बांधले. मारायलाही कोणी धजेना, तेव्हा आणखी शंभर घेऊन तो शस्त्र परजत उभा राहिला.

मुलाने देवांची स्तुती केली, पाश गळून पडले. बाप त्याला परत मागू लागला, पण तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला होता. विश्वामित्राने त्याला पुत्र मानले आणि नवे नाव दिले : देवरात, म्हणजे देवांनी दिलेला. विश्वामित्राच्या एकशे एक पुत्रांपैकी थोरल्या पन्नासांना हे ज्येष्ठत्व मान्य झाले नाही, आणि त्यांना बापाचा शाप मिळाला.

तीन भावांना अशी नावे का ठेवली, हे ग्रंथ सांगत नाही. मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवण्याची आपली चाल आठवून कोणी तसा तर्क करील. पण तो तर्कच राहील. वैयाकरणांनी मात्र या नावांची दखल घेतली. पाणिनीच्या ६.३.२१ या सूत्रानुसार शिवी द्यायची असेल तर समासात षष्ठीचा प्रत्यय लोपत नाही. त्याच सूत्रावरील वार्त्तिकांत शुनःशेपादी तीन नावांची सोय लावली आहे, आणि तेथेच 'देवानांप्रिय' हाही शब्द आहे, जो अशोकाने बिरुद म्हणून मिरवला. सूत्र शिवीचे, पण त्याच्या आश्रयाला एक बळीचा मुलगा आणि एक सम्राट. शब्दाचा साचा शिवीचा असला म्हणजे माणूस हिणकस ठरत नाही, हे वैयाकरणांच्या या शेजारात आपसूक नोंदले गेले आहे.

मराठीने उघडेपणावर वेगळा उपाय काढला. आपल्याकडे प्राणी देवाचे बोट धरून नावात येतो : नागनाथ, शेषराव, नरसिंह, मोरेश्वर. मोरेश्वर रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४) म्हणजे कवी मोरोपंत. त्यांचे नाव मोरगावच्या मयूरेश्वराचे. पण देवामागचा मोर त्यांनी आपण होऊन पुढे आणला. कवितेत ते स्वतःला मयूर म्हणवतात, आणि देवाला घातलेल्या आर्त सादेला त्यांनी 'केकावली' हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो. नावातला प्राणी लपवण्याऐवजी त्याचा आवाज घेतला, की नावाचे काय होते हे येथे दिसते. दुसरीकडे 'पोपट होणे' म्हणजे फजिती होणे हा वाक्प्रचार रूढ असतानाही हिवरे बाजारचे पोपटराव पवार २०२० साली पद्मश्री झाले, आणि नावावरून कोणाला हसू आले नाही.

म्हणून त्या घरच्या वादात आम्हांला आजींचा प्रश्न चुकीचा वाटत नाही. हाक रोज मारायची असते, आणि ती मुलाला एकट्याला ऐकावी लागते. परंतु शुनःशेपाच्या कथेत त्याला नावाने छळलेले नाही; छळले ते नाव ठेवणाऱ्याने. विश्वामित्राने दिलेले सुंदर नाव काही कुळांच्या प्रवरांत आजही उच्चारले जाते, पण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील २४ ते ३० ही सूक्ते शुनःशेपाची म्हणूनच ओळखली जातात. कुत्र्याचे शेपूट हे नाव घेऊनच तो ऋषी झाला.

ब्राह्मणग्रंथ शेवटी सांगतो, की पुत्राची इच्छा असणाऱ्यांनी हे आख्यान सांगवून घ्यावे. मुलगा हवा असणाऱ्याला मुलगा विकणाऱ्या बापाची गोष्ट ऐकवण्यात मोठे शहाणपण आहे, असे आम्हांस वाटते. 'वृक' ठेवायचेच असेल तर जरूर ठेवावे. मात्र शाळेतून मूल रडत आले, की त्याला लांडग्याची आणि शुनःशेपाची गोष्ट सांगायला घरात कोणीतरी असावे.