प्रवासी, ख्रिस्ती श्रद्धेतील

पृथ्वीवर श्रद्धावंताचा मुक्काम तात्पुरता असून त्याचे खरे नागरिकत्व स्वर्गात आहे, ही ख्रिस्ती धारणा. तिचे मुख्य आधार नव्या करारात आहेत. इब्री लोकांस पत्रात (अध्याय ११) तंबूत राहणारा अब्राहाम परदेशी ठरतो. पेत्राचे पहिले पत्र आशिया मायनरमध्ये पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना प्रवासी म्हणून संबोधते. त्यांच्यासाठी परकेपण हा रोजचा अनुभव होता, हे विसरता कामा नये. जगाकडे पाठ फिरवणे मात्र येथे अभिप्रेत नाही: तेच पत्र सदाचरणाची आणि राज्यकर्त्यांविषयी आदराची अपेक्षा करते. पुढे ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात ही कल्पना विस्तारली.

मराठीत ती जॉन बन्यनच्या रूपककथेतून (१६७८) आली. हरि केशवजींनी केलेले तिचे भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्ये निघाले. मराठी मातीतले या कल्पनेचे सर्वांत उत्कट रूप रेव्ह. ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) जीवनात दिसते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. वारकरी परंपरेतून आलेल्या वाचकाला ही वाट ओळखीची वाटते.