भंडारा जिल्ह्यातील रोग सर्वेक्षण

भंडारा जिल्ह्यातील रोग सर्वेक्षण ही महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्यात साथीच्या रोगांची माहिती नियमितपणे गोळा करून उद्रेक वेळीच ओळखण्याची शासकीय व्यवस्था आहे. ती भारत सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा, म्हणजेच आयडीएसपीचा, भाग आहे. पूर्वी ती कागदी नमुन्यांवर आणि साप्ताहिक अहवालांवर आधारलेली होती. २०२१ मध्ये देशभर लागू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचामुळे उपकेंद्रापासून दिल्लीपर्यंतची कार्यालये एकाच सामाईक संगणकप्रणालीशी जोडली गेली.

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जातो. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे त्याचे सात तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,००,३३४ आहे. भातशेती, साचलेले पाणी आणि वनक्षेत्र यांमुळे पावसाळ्यात डासांपासून व पाण्यातून पसरणाऱ्या रोगांवर विशेष लक्ष ठेवावे लागते.

नागपूर विभागात वेगाने बळावणाऱ्या रोगांचाही अनुभव आहे. चांदिपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपुरातील रुग्णांच्या नमुन्यांत प्रथम आढळला व तेथील चांदिपुरा या वस्तीवरून त्याला नाव मिळाले. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूमुळे बालकांना मेंदूज्वर होतो आणि लक्षणे दिसू लागल्यापासून एकदोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. २००७ च्या जून ते सप्टेंबर या काळात विभागात मेंदूज्वराच्या ७८ बालरुग्णांची नोंद झाली. त्यांतील ३९ जणांत हा विषाणू कारणीभूत असल्याचे निश्चित झाले. मृत्यूचे प्रमाण ४३.६ टक्के होते. २०१८ मध्ये विभागात स्क्रब टायफसचा उद्रेक झाला. अशा रोगांत आठवड्याने पोहोचणारा अहवाल घडून गेलेल्या घटनेची नोंद ठरतो. प्रतिबंधासाठी त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

कार्यक्रमाची सुरुवात

आयडीएसपी नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झाला. पहिल्या टप्प्यातील नऊ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. केंद्रीय कक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात, राज्य कक्ष पुण्यात आणि जिल्हा कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी अशी त्याची रचना आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने या कक्षांना संगणक व जोडणी पुरवण्यात आली. जागतिक बँकेचे साहाय्य २०१२ मध्ये संपल्यावर कार्यक्रम देशाच्या स्वतःच्या निधीतून चालू राहिला.

माहितीचे नमुने

माहिती तीन नमुन्यांत नोंदवली जाते :
एस नमुना – आरोग्यसेवक व आरोग्यसेविका गावपातळीवर केवळ लक्षणांवरून भरतात, उदा. ताप, खोकला, जुलाब, कावीळ.
पी नमुना – प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालयातील डॉक्टर संभाव्य निदानावरून भरतात.
एल नमुना – प्रयोगशाळा तपासणीअंती निश्चित झालेले रुग्ण नोंदवते.

जुन्या पद्धतीत सोमवार ते रविवार या आठवड्याची आकडेवारी उपकेंद्राकडून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे व तेथून जिल्ह्याकडे जात असे. वर पोहोचत ती केवळ बेरीज. रुग्ण कोणत्या गावचा, त्याचे वय काय, तपासणीचा निष्कर्ष काय, हे त्या बेरजेतून कळत नसे.

सामाईक मंच

एकात्मिक आरोग्य माहिती मंच २६ नोव्हेंबर २०१८ रोजी सात राज्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला; महाराष्ट्र त्यांत नव्हता. ५ एप्रिल २०२१ रोजी त्याचे राष्ट्रीय पातळीवर उद्घाटन झाले. नोंदवायच्या रोगांची संख्या १८ वरून ३३ झाली. आरोग्यसेविका मोबाइलवरून नोंद करते आणि ती नोंद तालुका, जिल्हा, राज्य व केंद्र या पातळ्यांवरील अधिकाऱ्यांना त्यांच्या अधिकारकक्षेनुसार पाहता येते. रुग्णांचे स्थान नकाशावर दिसते. असाधारण घटना आढळल्यास वेगळ्या नमुन्यात सूचना देता येते व शीघ्र प्रतिसाद पथक पाठवता येते.

प्रत्येक जिल्ह्याने स्वतंत्र प्रणाली उभारण्याऐवजी संगणकसाठा, रोगांची सांकेतिक यादी आणि नकाशे सर्वांनी मिळून वापरणे हे या रचनेचे सूत्र आहे. ओस्लो विद्यापीठात विकसित झालेली आणि अनेक देशांत वापरली जाणारी डीएचआयएस-२ ही प्रणालीही अशाच विचारातून घडली.

भंडाऱ्याच्या दृष्टीने महत्त्व

जिल्ह्याच्या पश्चिमेस नागपूर असून गंभीर रुग्ण तेथील मोठ्या रुग्णालयांत नेले जातात. केवळ संख्या कळवण्याच्या पद्धतीत पवनी किंवा लाखांदूरच्या बालकाची नोंद नागपूरच्या आकड्यांत मिसळण्याचा संभव असे. रुग्णनिहाय नोंदीत पत्ता असल्याने त्याच्या गावात फवारणी, रक्तनमुने किंवा पाण्याची तपासणी कोठे करायची हे ठरवता येते. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागून असल्यामुळे दोन राज्यांच्या नोंदी एका मंचावर असणेही उपयुक्त ठरते.

मर्यादा

मंच सामाईक असला तरी सर्व नोंदी एकत्र आलेल्या नाहीत. क्षयरोगाची नोंद 'निक्षय' या स्वतंत्र प्रणालीत होते. जिल्ह्यात कोरोनाचा पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२० रोजी आढळला व ६ ऑगस्ट २०२१ रोजी उपचाराधीन रुग्णांची संख्या शून्यावर आली. त्या काळात चाचण्यांची नोंद भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, तर लसीकरणाची 'कोविन'च्या प्रणालीत होत होती. स्वतंत्र प्रणालींमुळे कर्मचाऱ्यांवर नोंदींचा भार वाढतो. खासगी दवाखान्यांतील रुग्णांची नोंद न झाल्यास चित्र अपुरे राहते. नाव व पत्त्यासह माहिती साठवली जात असल्याने रुग्णाच्या खासगीपणाचा प्रश्नही निर्माण होतो. या संदर्भात संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला.

मूळ नोंद गावात होत असल्यामुळे व्यवस्थेची विश्वसनीयता अखेर आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या वेळेवर केलेल्या कामावर अवलंबून राहते.

हेही पहा

भंडारा जिल्हा
चांदिपुरा विषाणू
राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, पुणे
साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७